पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मुलांच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक शाळा होती. शाळा म्हणजे काय, तर एक चाकांची गाडी. नर्स औषधं घेऊन फिरतात तसली. फक्त औषधांच्या जागी पुस्तकं, खडू, रंगीत मणी आणि मांडीवर मावेल एवढा एक फळा. ही गाडी ढकलत बाई सकाळी वॉर्डात शिरल्या की शाळा भरायची. ज्या खाटेपाशी गाडी थांबेल तो वर्ग. एका खाटेवर पहिली, शेजारच्या खाटेवर पाचवी, कोपऱ्यात सातवी. कुणाचं सलाइन बदलायला नर्स आली की मधली सुट्टी.

बाईंचा पगार शिक्षण खात्याकडून यायचा, पण खात्यात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. दवाखान्यात ओळखायचे सगळे, पण शिक्षिका म्हणून नव्हे. नवे डॉक्टर त्यांना ‘खेळाच्या बाई’ म्हणायचे. ‘जरा बाजूला होता का, राउंड आहे’ हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की दारात पांढरा कोट दिसला की त्यांचे हात आपोआप गाडीच्या दांडीकडे जायचे. शाळांमध्ये शिक्षकांची खोली असते, तिथे चहा होतो, चहाड्या होतात, हेडमास्तरांच्या नकला होतात. बाई आपला डबा धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत खायच्या. नकला करायच्या तर कुणाच्या, आणि दाखवायच्या कुणाला?

याचं त्यांना फार वाईट वाटत होतं असं नाही. त्यांना सलायचं ते निराळंच. वॉर्डातून मुलं जायची. बरीचशी बरी होऊन घरी जायची, जाताना मागे वळूनही बघायची नाहीत, आणि ते बाईंना आवडायचं. काहींना मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवायचे; त्यांचं पुढे काय झालं ते बाईंना कुणी कळवत नसे, कळवायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. आणि काही मुलं अशी, की सकाळी बाई गाडी घेऊन याव्यात आणि खाटेवर नवी चादर घातलेली असावी. दुपारपर्यंत त्या खाटेवर दुसरं मूल. त्याला बेरीज शिकवायची. कशी शिकवायची, ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. आणि ज्याला विचारावं असं माणूस नव्हतं.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनी एक दिवस नर्सांचं मासिक आणून बाईंच्या गाडीवर आपटलं. मोठ्या सिस्टर अंगाने भरभक्कम, आणि आवाज असा की त्यांनी या वॉर्डात दम दिला तर शेजारच्या वॉर्डातलं मूल औषध गिळून टाकायचं.

“बाई, तुमच्यासारखे अजून आहेत,” सिस्टर म्हणाल्या.

“माझ्यासारखे म्हणजे?”

“दवाखान्यात शिकवणारे. दरवर्षी परिषद भरते म्हणे त्यांची. हे बघा, छापून आलंय.”

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग मासिक नीट घडी करून परत केलं. “परिषदेला मोठी माणसं जातात, सिस्टर. भाषणं करणारी. आणि जायचं म्हटलं तरी गाडीभाडं, हॉटेल... माझं कुठलं जमायला.”

“शेवटची ओळ वाचलीत?”

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की पहिल्यांदाच येणाऱ्या शिक्षकांचा प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च परिषद करील. त्यासाठी अर्ज करावा.

“तुम्ही पहिल्यांदाच जाणार की नाही?”

“मी कुठेच गेलेले नाही, तर पहिल्यांदाच जाणार ना.”

“मग झालं तर. लिहा.”

अर्जात एकच अवघड प्रश्न होता: तुम्हाला का यायचं आहे? बाईंनी दोन संध्याकाळी बसून त्याचं उत्तर लिहिलं. ‘अध्यापन पद्धतींचे आदानप्रदान’, ‘व्यावसायिक विकास’, असं सगळं त्यात होतं. सिस्टरनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

“हे तुम्ही लिहिलंय की शिक्षण खात्याच्या कपाटानं?”

बाईंना हसू आलं. त्यांनी तिथेच, सिस्टरच्या टेबलावर, नव्या कागदावर एवढंच लिहिलं: ‘मी जे काम करते ते करणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मला ते पाहायचं आहे.’ सिस्टरनी कागद हातातून काढूनच घेतला, त्यांचं मन बदलायच्या आत.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा अडचण घरातच निघाली. घरी बाई आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. अण्णांची उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली होती आणि आता गुडघे कुरकुरत असले तरी ताठा कमी झाला नव्हता.

“खर्च कोण करणार?” अण्णांनी विचारलं.

“परिषदवाले.”

“का?”

“पहिल्यांदा येणाऱ्यांचा करतात, अण्णा.”

“म्हणजे फुकट.” अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. “जन्मभर मी फुकट्यांना बसमधून खाली उतरवलं. मंत्र्याच्या मेव्हण्याला उतरवलं होतं भर चौकात. आणि आता माझीच मुलगी बिनतिकिटाची निघाली!”

खरं सांगायचं तर बाईंनाही आतून तेच टोचत होतं. आपण असं काय मोठं करतो, की लोकांनी आपल्यासाठी खिशात हात घालावा? त्यांनी मनातल्या मनात नकाराचं पत्र जुळवायलाही घेतलं होतं.

दोन दिवसांनी त्या कामावरून आल्या तर अण्णा दारातच उभे.

“तुझ्या परिषदेचं काम बघणाऱ्या एका ताईंचा फोन आला होता. तू नव्हतीस, मग मीच बोललो.”

“काय बोललात?”

“बोललो काय, स्पष्ट सांगितलं. म्हटलं, आम्हाला दान नको.”

“अण्णा!”

“ऐक तर खरं. त्या म्हणाल्या, दान कुठलं, अण्णा? मीसुद्धा पहिल्यांदा अशीच आले होते. जे आधी आले ते मागून येणाऱ्यांचं तिकीट काढतात, सगळे शिक्षकच आहेत, दुसरं कुणी नाही.” अण्णांनी दाराला पाठ टेकली. “आता बघ, माझ्या बसमध्येही हे व्हायचं. गर्दीत कुणी मागच्या दाराशी अडकलेला असला की पुढे चढलेला म्हणायचा, कंडक्टर, त्याचंही द्या. मी द्यायचो. त्या मागच्याला मी कधी फुकट्या म्हटलं नाही. त्याचं तिकीट निघालेलं असायचं.”

“मग?”

“मग काय मग! तिकीट निघालंय तर जाऊन बसायचं. गाडी कुणासाठी थांबत नाही.” आणि जरा ओशाळून पुढे म्हणाले, “बाई चांगली आहे ती. अर्धा तास बोललो. तिच्या आईचेही गुडघे दुखतात.”

त्या दिवसापासून अण्णांना चेव चढला. गल्लीत जो भेटेल त्याला ते सांगू लागले, की आमच्या मुलीला परिषदेनं बोलावून घेतलंय. वाण्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसाला बसवून सांगितलं. शेजारच्या मावशी तीन दिवस त्यांच्या जेवणाचं बघणार होत्या, त्यांना तर इतक्यांदा सांगितलं, की शेवटी त्या म्हणाल्या, “अण्णा, आता मीच जाऊन येते परिषदेला.”

वॉर्डात सांगणं मात्र बाईंना जड गेलं. म्हणजे बाकीच्या मुलांचं काही नव्हतं. प्रश्न होता चिमणीचा. चिमणी दहा वर्षांची, काटकुळी, हृदयाची एक झडप जन्मापासून अधू असलेली. तिचं ऑपरेशन मोठ्या दवाखान्यातच होऊ शकत होतं आणि तिथे जागा मिळायची वाट बघत ती गेले कित्येक महिने खिडकीजवळच्या खाटेवर होती. दम लागायचा, ओठ निळसर व्हायचे, पण तोंड बंद व्हायचं नाही. भांडायला तिला कुठलाही विषय चालायचा. शून्याला शून्यानं भागलं तर काहीच का होत नाही, यावरून तिनं बाईंशी एक आख्खा आठवडा वाद घातला होता.

“सुट्टी कुणी दिली तुम्हाला?” चिमणीनं विचारलं.

“मोठ्या सिस्टरनी.”

“मला देत नाहीत.” तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळानं तशीच भिंतीला म्हणाली, “कुठे चाललात?”

“शिकायला.”

चिमणी झटक्यात वळली. “तुम्हाला येत नाही?”

“सगळं कुठे येतं?”

या उत्तरानं पोरीचा चेहरा असा उजळला की बाईंनाच नवल वाटलं. तिनं उशीला टेकून, श्वास गोळा करून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी दवंडी पिटली: “बाईंना सगळं येत नाही! बाई शाळेत चालल्यात!” वॉर्डभर हशा पिकला. निघायच्या दिवशी तिनं बाईंचा हात हातात घेऊन थोपटला, अगदी मोठ्या सिस्टर आजारी मुलांना थोपटतात तसा. “जाऊन या. नीट लक्ष द्या. मी काही कुठे पळून जात नाही.”

परगावच्या स्टेशनावर बाई उतरल्या तेव्हा एक जाडजूड गृहस्थ पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभे होते. पाटीवर नाव नव्हतं. मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: ‘पहिल्यांदा?’

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मान हलवली.

“वाटलंच,” ते म्हणाले. “पिशवी दोन्ही हातांनी धरलीय तुम्ही. द्या इकडे. मला सगळे मामा म्हणतात, तुम्हीही म्हणा. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला एक जुना माणूस सोबतीला देतात. तुमच्या नशिबात मी आलोय, त्याला इलाज नाही.”

मामा हाडांच्या दवाखान्यात शिकवायचे. तिथली मुलं पाय वर टांगलेले, अशी आठवडेच्या आठवडे पडून. “माझ्या वर्गातून कुणाला पळून जाता येत नाही,” मामा म्हणाले, “नाहीतर एवढा पट टिकला असता का माझा!” त्यांच्या कोटाच्या खिशात कायम काहीतरी खायला असायचं. रस्ताभर ते बाईंना शेंगदाणे देत राहिले.

परिषद एका कॉलेजच्या इमारतीत होती. पहिल्यांदा आलेल्यांच्या छातीवर पिवळी फीत लावत होते. बाईंनी ती शालीखाली झाकायचा प्रयत्न केला, पण ती फीत बघून लोक मुद्दाम येऊन बोलायचे, म्हणून शेवटी त्यांनी शाल काढूनच ठेवली. रात्रीच्या जेवणाला त्यांच्या समोर एक सडपातळ तरुण शिक्षक बसले होते. पूर्ण जेवण होईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुमच्याकडे खाटा किती?” बाईंनी सांगितलं. “हं,” म्हणाले आणि पुढे जेवू लागले. शिष्ट दिसतोय, बाईंनी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकानं व्यासपीठावर येऊन पाच मिनिटं आपल्या कामाविषयी बोलायचं होतं. हे बाईंना आधी कळलं असतं तर अण्णांनी काहीही म्हटलं असतं तरी त्या आल्या नसत्या. त्यांनी कागदावर काही वाक्यं लिहून ठेवली. व्यासपीठावर गेल्या, कागद उघडला आणि पहिला शब्दच फुटेना. समोर दोनेकशे चेहरे. पहिल्या रांगेत मामा, तोंडात शेंगदाणा, चावायचा थांबलेला.

बाईंनी कागद खाली ठेवला.

“मला भाषण येत नाही,” त्या म्हणाल्या. “मी करून दाखवू का?”

“दाखवा की!” मामा म्हणाले.

“मग सगळ्यांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवा. त्यात सलाइनची सुई आहे. हलवायचा नाही. हललात तर सिस्टर ओरडतील.” लोक हसले, पण हात ठेवले. “आता डाव्या हातानं आपलं नाव लिहा.”

सभागृहात कागदांची खसफस, खुर्च्यांची कुरकुर, हसू, च्यक्‌च्यक्‌. बाई वळल्या आणि त्यांनी फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. अक्षरं मुंग्यांची रांग विस्कटावी तशी.

“मी वॉर्डात उजव्या हातानं लिहीतच नाही,” त्या फळ्याकडे बघतच म्हणाल्या. “मुलांच्या उजव्या हाताला सुई असते. डाव्या हातानं लिहायची त्यांना लाज वाटते, अक्षर वेडंवाकडं येतं म्हणून रडतात. मग मीही डाव्यानंच लिहिते. माझं अक्षर त्यांच्याहून वाईट आलं की ती मला शिकवायला लागतात. एवढंच करते मी. याला काही पद्धत वगैरे म्हणतात का, मला माहीत नाही.”

“मीपण!”

आवाज एकदम मागून आला होता. एक उन्हानं रापलेल्या ठेंगण्या बाई उभ्या राहिल्या होत्या. “मीपण डाव्या हातानं लिहिते! आमचा दवाखाना बेटावर आहे, होडीनं जावं लागतं, तिथे शिकवणारी मी एकटीच. मला वाटायचं, हा वेडेपणा जगात फक्त मीच करते!”

“मलाही तसंच वाटायचं,” बाई म्हणाल्या.

त्या बेटावरच्या बाई माणसांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून वाट काढत पुढे आल्या, खडू घेतला, आणि बाईंच्या नावाखाली डाव्या हातानं आपलं नाव काढलं. ते जास्तच भयंकर होतं. “बघा, तुमचं तर मोत्यासारखं आहे!” त्या म्हणाल्या. आणि मग दोघी अशा हसत सुटल्या, एकमेकींचे खडूनं माखलेले हात धरून, की पुढच्या वक्त्यांना थांबावं लागलं. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. कुणी घंटा वाजवली नाही.

दुपारी एका छोट्या खोलीत गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या आणि दारावर विषय लिहिला होता: ‘रिकामी खाट’. बाई दारापाशी बसल्या. एका शिक्षकानं बोलायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच बाई उठून बाहेर आल्या. व्हरांड्यात मामा संत्रं सोलत उभे होते. त्यांनी अर्धं संत्रं पुढे केलं.

बाईंनी ते घेतलं, पण खाल्लं नाही. “माझ्याकडे एक मुलगा होता, मामा. त्याला सतराचा पाढा शिकायचा होता. थोरल्या भावाला येत नाही म्हणून. रोज थोडा थोडा म्हणायचा. निम्म्यावर आला होता. आणि एक दिवस सकाळी मी गेले, तर...” त्या संत्र्याच्या फोडी सुट्या करू लागल्या.

“दुपारी त्याच खाटेवर एक नवी मुलगी आली. मी तिला हातच्याची बेरीज शिकवली. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. घरी गेले, जेवले, झोपले. नंतरही कधी रडले नाही. त्याला वर्षं झाली. मला भीती वाटते, मी आतून दगड झालेय. दगडानं मुलांना शिकवू नये ना?”

मामांनी हातातलं संत्रं खिशात ठेवून दिलं. खाण्याची वस्तू न खाता खिशात ठेवलेली बाईंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“मला उत्तर येत नाही,” ते म्हणाले. “एवढी वर्षं झाली, तरी नाही येत. पण आत जे बसलेत ना, त्यांनाही हेच विचारायचंय. चला. नाही बोललात तरी चालेल.”

बाई आत गेल्या आणि ऐकत बसल्या. एक जण सांगत होते, की अशा दिवशी ते घरी जाऊन नुसतीच भांडी घासतात, स्वच्छ असलेलीसुद्धा. बेटावरच्या बाई म्हणाल्या, मी होडीतून अर्ध्या वाटेवर आले की समुद्रावर ओरडते, नावाडी आता काही विचारत नाही. एक म्हातारे शिक्षक म्हणाले, माझे तर चार वर्षं डोळे कोरडे होते, मला वाटलं मी माणसातून उठलो. तेव्हा बाईंनी तोंड उघडलं. सतराच्या पाढ्याचं सगळं सांगितलं. तो कुठल्या ओळीवर थांबला होता, तेही. कुणी ‘धीर धरा’ म्हटलं नाही, कुणी उपदेश केला नाही. फक्त पलीकडे बसलेल्या त्या सडपातळ, शिष्ट सरांनी आपला पाण्याचा ग्लास उचलून बाईंसमोर आणून ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले. त्या ग्लासाकडे बघता बघता बाईंचा बांध फुटला. किती तरी वेळ त्या रडत होत्या, आणि कुणालाही घाई नव्हती.

परतीच्या गाडीत त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर पुस्तकांची गाडी ढकलत त्या वॉर्डात शिरल्या. खिडकीजवळच्या खाटेवर नवी चादर होती.

गाडी जागच्या जागी थांबली.

“नाही, नाही, बाई!” मोठ्या सिस्टर जवळजवळ धावत आल्या. “तसं नाही! हलवलं तिला. मोठ्या दवाखान्यात अचानक जागा झाली, परवा दुपारी अँब्युलन्स आली. तुम्हाला हाक मारत होती. मी म्हटलं, येतील त्या... पण थांबवणार कसं?”

बाईंनी गाडीची दांडी घट्ट धरली. परिषदेला गेले नसते तर निदान निरोप तरी देता आला असता, एवढंच डोक्यात घुमत होतं. त्यांनी दुपारी मोठ्या दवाखान्यात फोन लावला. नातेवाईक आहात का, पलीकडून विचारलं. नाही, मी तिची... आणि शब्द अडला. शिक्षिका, त्या म्हणाल्या. माहिती फक्त नातेवाइकांना देतो, म्हणून फोन ठेवला गेला.

एरवी त्या इथेच थांबल्या असत्या. आजवर थांबतच आल्या होत्या. पण या वेळी त्यांनी मामांना फोन केला.

“कुठल्या दवाखान्यात म्हणालात?” मामांच्या तोंडात काहीतरी होतंच. “अहो, मग तिथे आपले ते सर नाहीत का! कमी बोलणारे. पाण्याचा ग्लासवाले! त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, पण ताईंकडे असणार.”

आणि ताईंचा नंबर होता अण्णांकडे. बाईंना पत्ताही नव्हता, पण गुडघ्यांच्या तेलावरून दोघांचं बोलणं सुरूच होतं. अण्णांनीच फोन लावला, आधी तेलाचा विषय संपवला, मग सरांचा नंबर उतरवून घेतला.

“हो, आलीये,” सर फोनवर म्हणाले. “आल्यापासून बोलत नाही.”

“बोलत नाही? चिमणी बोलत नाही?”

“एक शब्द नाही. जेवतही नाही धड.” मग ते म्हणाले, “कशी आहे ती? सांगा ना मला.”

आणि बाई सांगत सुटल्या. तिला वरचा दिवा बंद लागतो. तिला गोष्टी नको असतात, वाद हवा असतो. ‘बरं वाटतंय का’ असं विचारलेलं अजिबात खपत नाही. “आणि सर, तिच्यासमोर काहीतरी चुका. मुद्दाम नाही वाटलं पाहिजे. सात आठे सत्तावन्न म्हणा. तिला राहवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचाच फोन आला. आवाजात चक्क हसू होतं. “सत्तावन्न म्हणालो. तासभर शिकवणी घेतली माझी. घ्या, बोला.”

“बाई?” लांबून, दमलेली, पण तीच चिवचिव. “बाई, इथे सर आहेत. त्यांना पाढे येत नाहीत.”

“अरे देवा! मग?”

“मग काय, शिकवतेय. तुम्ही काळजी करू नका.” धाप लागून ती थांबली. “बाई, तुम्ही गेलात तिकडे काही शिकलात का?”

“शिकले.”

“काय?”

“तुझ्या सरांचा फोन नंबर,” त्या म्हणाल्या.

“एवढंच?” चिमणीला ते फारच कमी वाटलं. “तीन दिवसांत?”

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. त्या सकाळी बाईंनी गाडी ढकलली, पहिलीला अक्षरं दिली, सातवीला नकाशा दिला, आणि मोबाइल, जो वॉर्डात कधी काढत नसत, तो मण्यांच्या डब्याशेजारी उघड्यावर ठेवला. मोठ्या सिस्टरनी बघितला आणि न बघितल्यासारखं केलं. दुपार टळली. मुलांचं दूध येऊन गेलं. फोन वाजला तेव्हा बाईंच्या डाव्या हातात खडू होता.

“बाहेर आली,” सर म्हणाले. “मी आत्ता काचेतून बघितलं. डॉक्टर म्हणतायत, व्यवस्थित झालंय. झोपलीये.”

“ओठ?” बाईंनी विचारलं. “ओठांचा रंग?”

पलीकडे सरांची पावलं वाजली. ते पुन्हा काचेपाशी गेले असावेत. “गुलाबी,” ते म्हणाले.

बाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, पलीकडून बंद झाल्यावरही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मोठ्या सिस्टर आल्या, चेहरा बघितला, एकदम घाबरल्या. मग बाईंनी मान हलवली तशा मटकन शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्याही डोळ्यांना पदर लावू लागल्या. समोरून पांढऱ्या कोटांचा घोळका येत होता. “जरा बाजूला होता का...” नवे डॉक्टर म्हणू लागले.

“थांबा पाच मिनिटं,” मोठ्या सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या. “शाळा चालू आहे.”

डॉक्टर थांबले. बाईंनी तोंड पुसलं, गाडी वळवली आणि खिडकीजवळच्या खाटेशी नेली. तिथे सकाळीच एक गोबऱ्या गालांची मुलगी आली होती. उजव्या हाताला सुई, डोळ्यांत संशय.

“मला लिहिता येत नाही,” ती आधीच म्हणाली.

“मलाही फारसं नाही,” बाई म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी बसल्या.